सीमेवरील वादसभा

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या दक्षिणेस, तामसी नावाचे गाव आहे. मंडलाचे ठाणे तेथेच आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. काळ्या जमिनीचा व कापसाचा हा मुलूख. ह्या टापूत ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, ते मूल दाराबाहेर तेलुगू ऐकते, बाजारात दखनी हिंदुस्तानीत भाव करते, गोंड व कोलाम सवंगड्यांची भाषा त्याच्या कानांवर पडते, आणि पुढे पोटापाण्यासाठी त्याला इंग्रजीची आराधना करावी लागते. अशा मुलाला चार भाषांत मागता येते, विकता-घेता येते व सांगितलेले ऐकता येते. परंतु सभेत उभे राहून 'हे मला मान्य नाही, आणि त्याची कारणे ही' असे त्याला कोणत्या भाषेत म्हणता येते? प्रश्न वरवर लहान वाटतो. पण विद्यार्थ्यांच्या वादसभांचा इतिहास चाळू लागले म्हणजे तो पानोपानी भेटतो.

वाद ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वीच वेगळे करून ठेवले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून दोघांनी केलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता दुसऱ्याची बाजू फोडीत बसणे ती वितंडा. पूर्वपक्ष आधी नीट मांडावयाचा आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावयाचे, हा शिरस्ताही जुनाच. मात्र ही सारी विद्या दीर्घकाळ संस्कृतात कोंडलेली राहिली. शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या घरच्या भाषेत पूर्वपक्ष मांडावा आणि विद्वानांनी तो ऐकून घ्यावा, ही कल्पना त्या शास्त्राच्या चौकटीबाहेरची होती.

लोकभाषेत गंभीर प्रश्नोत्तरे करता येतात, ह्याची ग्वाही मात्र छापखाना मराठी मुलखात रुजण्यापूर्वीच मिळाली होती. इंग्लंडातून आलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवीबद्ध मराठीत रचलेल्या ह्या ग्रंथात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री त्यांचे समाधान करतो. परदेशी माणसाने श्रोत्यांच्या भाषेत यावे आणि ग्रंथात शंका घेणाऱ्याला जागा द्यावी, ही मोठी गोष्ट होती. तथापि अखेरचा शब्द पाद्रीचाच होता हेही खरे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे, असे फर्मान काढले. ज्या भाषेत ईश्वराविषयी शंका विचारता येत होती, तीच भाषा गुन्ह्यासारखी ठरविण्यात आली. फर्मानाने लोकांची बोली मेली नाही. पण सार्वजनिक व्यवहारातील तिचा मान गेला, आणि तो परत मिळविण्यास शतके लागली.

विद्यार्थ्यांनी स्वतः भरविलेली मराठी चर्चासभा मुंबईत दिसते ती १८४८ साली. त्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन ह्यांच्या प्रोत्साहनाने एक साहित्य व विज्ञान मंडळ स्थापन केले. निबंध वाचावयाचा आणि त्यावर चर्चा करावयाची, अशी त्याची रीत होती. पण ती सारी इंग्रजीत चाले. इंग्रजीतले शहाणपण इंग्रजी जाणणाऱ्यांतच फिरत राहणार, हे त्या तरुणांच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून त्याच वर्षी मंडळाच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षस्थान व्याकरणकार दादोबा पांडुरंग ह्यांनी स्वीकारले, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. धर्म व राजकारण ह्या विषयांना मंडळाने दार बंद ठेवले होते. एकाच बाकावर हिंदू व पारशी बसत, वर कंपनी सरकारचे राज्य. तेव्हा ही सावधगिरी समजण्याजोगी होती. तरीही ह्या सभा नुसत्या बोलण्यावर थांबल्या नाहीत. स्त्रीशिक्षण हवे असे निबंधातून प्रतिपादन केल्यावर १८४९ साली ह्याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सवडीच्या वेळी स्वतः तेथे शिकविले. चर्चेत जे सिद्ध केले त्याची जबाबदारी खांद्यावर घ्यावयाची, हा त्या सभेने घालून दिलेला धडा होय.

ज्या विषयांना विद्यार्थ्यांच्या मंडळाने दार लावले, ते विषय थोड्याच वर्षांत उघड्या वाळवंटावर आले. १८५७ सालच्या प्रारंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक ह्यांच्यात आठवड्यामागून आठवडे जाहीर वाद झाले. तीर व्याख्यानाचे, श्रोते वाटेल तो मनुष्य, आणि प्रवेशाला विद्येची अट नाही, असा तो अपूर्व प्रसंग होता. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन ह्यांनी ह्या वादांचा वृत्तांत इंग्रजीत छापला. पुढे 'समुद्रकिनारीचा वादविवाद' ह्या नावाने तो मराठीतही पुस्तकरूपाने आला. त्या वादात कोणाची सरशी झाली, ह्याविषयी दोन्ही पक्षांचे लोक अर्थातच वेगवेगळे बोलले. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. परस्परांचा धर्म चुकीचा मानणारी माणसे समुद्राच्या गाजेवर आवाज चढवून का होईना, पण समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत वाट पाहत होती. हातघाई न करता मतभेद जाहीरपणे नांदू शकतात, हे मुंबईच्या सामान्य माणसाने तेथे डोळ्यांनी पाहिले.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ज्या संस्थेकडे तिची व्यवस्था आली तिचे नावच 'वक्तृत्वोत्तेजक सभा' असे आहे. नावातच उद्देश आला: लोकांना बोलते करावयाचे. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर पडली होती. पदवीधर तरुण बर्कच्या इंग्रजीत पार्लमेंटातल्यासारखे बोलू शकत असे. पण गावच्या पारावर दुष्काळाविषयी दोन वाक्ये नेटकी बोलावयाची म्हटली की त्याची जीभ अडखळे. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. तिचे फळ एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश होण्याच्या रूपाने १९०१ साली दिसू लागले. त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे निवर्तले होते.

ब्रिटिश मुलखातील ही हकीकत झाली. तामसीचा टापू मात्र निजामाच्या राज्यात होता आणि तेथील परिस्थिती निराळी होती. हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक. मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा. त्याखेरीज कन्नड बोलणारे. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८४ पासून ती उर्दू झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले. इंग्रजीवाचून विज्ञान, कायदा व इतिहास शिकविता येतो हे भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून त्याने दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्या विद्यापीठाला श्रेय दिलेच पाहिजे. परंतु उर्दू ही प्रजेतील बहुसंख्यांची घरची भाषा नव्हती. परकी भाषा गेली आणि देशी भाषा आली, तरी आदिलाबादकडच्या मराठी वा तेलुगू मुलाला शाळेचे दार पूर्वीइतकेच उंच राहिले.

त्यातच १९२९ साली निजाम सरकारने त्रेपन्न क्रमांकाची गश्ती काढली. सभा भरविण्यापूर्वी सरकारची परवानगी हवी, असे तिने ठरविले. परवानगीचा अर्ज करावयाचा म्हणजे विषय कळवावयाचा, वक्ते कळवावयाचे, आणि मग वाट पाहत बसावयाचे. वादसभेला ह्याहून घातक गोष्ट नाही. वाद हा पूर्वमंजुरीने होत नाही. काय बोलले जाईल हे आधीच ठरले असेल तर ते पाठांतर होते. म्हणून संस्थानातील मराठी माणसांनी वाचनालये, गणेशोत्सव, शाळांची संमेलने ह्यांच्या आडोशाने बोलण्याची सवय जिवंत ठेविली. हैदराबाद शहरात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या प्रयत्नाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही शाळा त्या दृष्टीने मराठी मंडळींचे मोठे आधारस्थान होती.

आणि ह्याच विवेकवर्धिनीच्या आवारात, गश्तीच्या आधी आठ वर्षे, असा एक प्रसंग घडला की जो मराठी माणसाने विसरता कामा नये. नोव्हेंबर १९२१ मध्ये संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषद तेथे भरली होती. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू व मराठी भाषणे लोकांनी ऐकून घेतली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. संस्थानात सर्वाधिक लोकांची भाषा ती. परंतु सभेत मराठी मंडळींचा भरणा मोठा होता. श्रोत्यांनी हुर्यो केली, टाळ्या पिटल्या, आणि वक्त्याला बोलणे अशक्य करून टाकले. विधवांना व मुलींना बोलण्याचे बळ यावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली हे घडले.

दुखावलेले तेलुगू कार्यकर्ते लागलीच एकत्र आले. त्यांतून आंध्र जनसंघ निघाला; माडपाटी हनुमंतराव हे त्याचे एक प्रमुख आधारस्तंभ. पुढे त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली आणि तेलंगणाच्या जागृतीचा मोठा अध्याय लिहिला गेला. ग्रंथालये निघाली, तेलुगू शाळा निघाल्या, शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांना वाचा फुटली. सभेतील दहा-पाच मिनिटांच्या हुर्योने एक चळवळ जन्माला घातली असे म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. तिची कारणे खोल होती. पण ठिणगी पडली ती तेथेच. स्वतःच्या भाषेवरील अन्यायाची जाणीव असलेल्या लोकांनी दुसऱ्याच्या भाषेवर तोच अन्याय करावा, आणि तोही सुधारणा परिषदेत, हे पाहिले म्हणजे मान खाली जाते. बोलण्याचा हक्क मागणाऱ्याने ऐकून घेण्याचे कर्तव्य आधी शिकावे, असे हा प्रसंग सांगतो.

सुदैवाने ह्या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. कित्येकांना काढून टाकण्यात आले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली. त्या चळवळीत भाग घेतलेला एक तेलुगू तरुण पुढे नागपुरात कायदा शिकला. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंहराव. भारताचे पंतप्रधानपद भूषविलेल्या ह्या गृहस्थाचे मराठीवर चांगले प्रभुत्व होते, आणि हरि नारायण आपटे ह्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९२१ साली मराठी श्रोत्यांनी एका तेलुगू वक्त्याचे बोलणे ऐकले नाही. पुढच्याच पिढीत एका तेलुगू वाचकाने मराठी विधवेची कहाणी आपल्या लोकांना ऐकविली. ऋण फिटले असे म्हणता येणार नाही, पण ते कसे फेडावे हे मात्र दिसले.

आदिलाबादच्या डोंगराळ भागात, त्याच सुमारास, ह्या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. १९४० साली कुमरम भीम ह्यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा लढा जोडेघाटला गोळीबाराने चिरडला गेला. नंतर गोंडांची गाऱ्हाणी अभ्यासण्यासाठी निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांना नेमले. त्यांच्या योजनेनुसार १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके तयार झाली. ती पुस्तके देवनागरीत होती, कारण ह्या भागातील गोंडांचा मराठीशी जुना परिचय होता. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी ह्यांनीही ह्याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम करताना गोंडी आत्मसात केली व गोंडांविषयी ग्रंथ लिहिला. अधिकाऱ्याने फिर्याद फिर्यादीच्या भाषेत ऐकावी, ह्यातच अर्धा न्याय आला. जंगल कोणाचे, जमीन कोणाची, हा वाद गोंडाला आजवर दुसऱ्याच्या भाषेत लढावा लागत होता, आणि म्हणूनच तो प्रत्येक वेळी हरत होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमारेषा कितीही विचारपूर्वक आखली तरी ती घरांच्या मधून जाते. तामसी नदीच्या ह्या अंगाला राहिली आणि तेथील मराठी कुटुंबे भाषिक अल्पसंख्य ठरली. त्याच १९५६ साली सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांचा आधार हाच. पण कलम शाळेच्या दारापर्यंत पोचविते; आत गेलेल्या मुलाला बोलते करणे कलमाच्या हाती नसते.

असा अनुभव जगात इतरत्रही आहे. हाँगकाँगमध्ये बहुसंख्य लोक कँटोनीज बोलतात. तरीही १९७४ पर्यंत तेथे कायद्याने इंग्रजी हीच एक अधिकृत भाषा होती. चिनी भाषेला मान्यता मिळावी म्हणून जी चळवळ झाली तीत विद्यार्थी पुढे होते. आज तेथील शाळा-महाविद्यालयांतून कँटोनीजमध्ये वादविवादाच्या स्पर्धा होतात आणि त्यांची पुष्कळशी व्यवस्था विद्यार्थीच पाहतात. विशेष असे की, तेथे पुस्तकी लेखनाची भाषा उत्तरेकडील प्रमाण चिनीच्या वळणाची, आणि तोंडची भाषा वेगळी. वाद मात्र तोंडच्या भाषेत होतो. पुस्तकात ज्या बोलीला फारशी जागा नाही तिच्यातही काटेकोर युक्तिवाद होऊ शकतो, हे ती मुले दरवर्षी दाखवून देतात.

तामसीच्या परिसरातील शाळांना हा दाखला उपयोगी आहे. येथली मराठी पुण्याची नव्हे. तिच्यात वऱ्हाडी हेल आहे, तेलुगू व दखनी शब्द आहेत. अशा ठिकाणी वादविवाद स्पर्धा भरवावयाची तर परीक्षकांना पहिली सूचना ही द्यावी लागेल की गुण उच्चाराला नाहीत, युक्तिवादाला आहेत. विषय असा निवडावा की ज्याच्या दोन्ही बाजूंना खरोखरच बळ आहे. 'शिक्षण चांगले की वाईट' ह्या विषयावर वाद होत नाही; 'काळ्या जमिनीत कापूसच लावावा की ज्वारी-तुरीलाही जागा ठेवावी' ह्यावर होतो, कारण त्यावर घरात आई-वडिलांचेही एकमत नसते. अनुकूल कोण व प्रतिकूल कोण हे चिठ्ठी टाकून ठरवावे. म्हणजे ज्या मताशी आपण सहमत नाही त्याचीही कारणे शोधणे मुलांना भाग पडते. वेळ प्रत्येकास सारखी असावी. घंटा वाजली की सरपंचाच्या मुलानेही थांबावे आणि सालगड्याच्या मुलीनेही. उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगावा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी वितंडा मिटते. व्यवस्था विद्यार्थ्यांकडेच सोपवावी. सतरंजी घालणे, घड्याळ धरणे, पाहुण्यांना बोलावणे आणि निकाल विरुद्ध गेला तर तो शांतपणे वाचून दाखविणे, हेही शिक्षणच आहे.

शेवटचा नियम १९२१ च्या सभेने शिकविलेला आहे. मराठी वादसभेला तेलुगू व गोंडी शाळासोबत्यांना श्रोते म्हणून बोलवावे, आणि त्यांच्यापैकी कोणी उठून आपल्या भाषेत काही विचारले तर त्याला थांबवू नये. ज्याला ती भाषा येते त्याने तिचा अर्थ सर्वांना सांगावा. सीमेवरच्या गावात असा दुभाषी प्रत्येक बाकावर असतो. मराठीचे त्यात काही उणे होणार नाही. उलट, नदीपलीकडच्या मोठ्या शहरांतील वक्त्यांना जे क्वचितच साधते ते ह्या मुलांना साधेल: आपल्या भाषेत ठामपणे बोलावयाचे, आणि दुसऱ्याच्या भाषेत शेवटपर्यंत ऐकावयाचे.